तोफेत गेलेल्या घागरी

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला मी एकच प्रश्न घेऊन उभी आहे. शूर कुणाला म्हणावं? घोड्यावर चढतो त्याला, की चढून बसल्यावर पुन्हा खाली उतरतो त्याला?

पुढच्या रांगेतले काका लगेच म्हणाले, "चढतो त्याला!" काका, तुम्ही देवळाच्या सहा पायऱ्या चढताना दोनदा बसलात हो! हसू नका मंडळी, मीही एकदा बसलेच.

तर पालसिंगी नावाची एक गढी होती. तिचे धनी हैबतराव. माणूस वाईट नव्हे! रयतेची विचारपूस करणारा, फक्त मिशीला कुणी धक्का लावायचा नाही. खाली गाव. गावाला पाणी एकाच पायऱ्यांच्या बारवेचं. चाळीस पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, घागर बुडवायची. आणि त्या पाण्यात होता नारू! पोरींनो, तुम्हाला ठाऊक नसेल. देवाच्या दयेनं आणि सरकारी माणसांच्या पायपिटीनं तो आपल्याकडून गेला. पण जुन्या माणसांना विचारा! पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षानं पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर निघायचा. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुटला, की पायाचा भोपळा!

गढीच्या आत मात्र रहाटाची विहीर. वर कठडा, आत कुणाचा पाय बुडत नाही. गढीत नारूही नाही! हे कुणी हेरलं? राजवैद्यानं? छे! ठकूबाई सुईणीनं. अक्षरशत्रू बाई. पण गावातले निम्मे पाय तिनं जगात येताना पाहिले होते, आणि पुढं सुजतानाही तिनंच पाहिले होते. तिच्या नातीला, राहीला, दोनदा नारू निघालेला. वैदू म्हणाला होता, "तिसऱ्यांदा निघाला, तर पोर पुन्हा उभी राहायची नाही."

ठकूबाई तडक गढीवर गेली. म्हणाली, "सरकार, गावाला रहाटाची विहीर द्या. कठड्याची. पाय न बुडणारी."

हैबतराव म्हणाले, "खाली काळा खडक आहे, ठकूबाई. खर्च फार."

"तुम्ही पायाळू जन्मलात. तेव्हा मी खर्च विचारला होता का?"

हैबतराव हसले. विहिरीचा पैसा वेगळा काढला. ठकूबाईनं घरी येऊन राहीच्या पायावरून हात फिरवला. "झालं गं पोरी. सुटलीस!"

झालं म्हटलं की होतं का, मंडळी? आला पोळा!

पोळ्याला मानाचा बैल आधी तोरणाखालून जातो. हैबतरावांचा बैल सजला, झूल चढली, वाजंत्री लागली — आणि शेजारच्या बेलखेडच्या यमाजीरावांचा बैल उधळला! शीव ओलांडून आला, सगळ्यांच्या आधी तोरणाखालून गेला. नुसता गेला नाही — जाता जाता आंब्याची पानं खाल्ली!

"आमचं तोरण खाल्लं?"

कारभारी म्हणाला, "सरकार, बैल आहे तो."

"कुणाचा बैल?"

संपलं! लढाई!

विहिरीच्या पैशाची बंदुकीची दारू आली. तोफ ओतायचं ठरलं. तिला धातू हवा, म्हणून शिपाई घरोघर फिरले. हंडे गेले, कळश्या गेल्या, घागरी गेल्या. एका नवरीची तर हळद लागलेली घागर गेली! साच्याला माती मळायला गावातले सगळे कुंभार धरून नेले, म्हणून चाकंही बंद. बायका भोपळ्यातून पाणी आणू लागल्या. उतरायचं मात्र त्याच बारवेत!

ठकूबाई पुन्हा गढीवर. "सरकार, विहीर?"

"जिंकून येऊ दे. दोन बांधतो."

"आणि हरलात तर?"

"म्हातारे!"

"बरं, जिंकूनच या. राहीला त्या विहिरी बघायला आणीन. उचलून आणावी लागेल, एवढंच."

मोहिमेचा दिवस उजाडला. तीनशे गडी उभे. तोफेला बैल जुंपले. हैबतराव घोड्यावर! जोशीबुवांनी पंचांग मिटलं. "मुहूर्त उत्तम. आता सुवासिनी भरली घागर घेऊन सामोरी येऊ द्या. त्या शकुनाशिवाय घोड्यानं पाऊल टाकू नये."

"आणा घागर!"

कुणी हलेना.

"अरे, घागर आणा!"

कारभाऱ्यानं हळूच तोफेकडं बोट दाखवलं. "सरकार... सगळ्या तिथं आहेत."

"मग मातीची आणा कुंभाराकडून!"

"कुंभारही तिथंच, तोफ ढकलायला."

एक शिपाई भोपळा घेऊन आला. जोशीबुवा ओरडले, "हा शकुन आहे की चेष्टा?"

बघा हो! मान राखायला निघालेला राजा, आणि अख्ख्या गावात एक घागर नाही! शेवटी आठवलं, देवघरात चांदीची एक आहे. तिला हात लावायचा तो फक्त घरच्या लक्ष्मीनं, द्वारकाबाईंनी. आणि जोशीबुवा म्हणाले, "पाणी गावाचंच हवं. राजा निघतो तो गावासाठी ना?"

द्वारकाबाई निघाल्या. लग्न होऊन आल्यापासून बारव पाहिलेली नाही! खाली उतरल्या. तळाशी एक मुलगी गुडघाभर पाण्यात उभी. नडगीवर जुने दोन व्रण. ती राही.

"वहिनीसाहेब, पुढं येऊ नका. पाय भिजतील. घागर द्या, मी भरते."

"आणि तुझे पाय गं?"

"माझे काय, रोजचेच आहेत."

द्वारकाबाईंनी घागर दिली नाही. पदर खोचून पाण्यात उतरल्या. आपल्या हातांनी घागर भरून वर आल्या आणि घोड्यासमोर उभ्या राहिल्या.

रीत अशी, की निघणाऱ्यानं त्यातला घोट घ्यायचा आणि घागरीत मोहोर टाकायची. हैबतरावांनी मोहोर काढली.

"आधी घोट," द्वारकाबाई म्हणाल्या.

हैबतरावांनी वाकून ओंजळ धरली. पाणी पडलं. तोंडाशी नेता नेता ओंजळ थांबली.

"गढीचंच आहे ना हे?"

"नाही. बारवेचं."

हात थांबला तो थांबलाच. तीनशे गडी बघताहेत! त्यांनी जन्मभर तेच पाणी प्यालेलं.

ठकूबाई गर्दीतून म्हणाली, "घे बाळा! तुझे गडी रोज पितात. मेले नाहीत अजून. नुसते पायच गेलेत."

मंडळी, गोळी झेलायला छाती लागते म्हणतात. हैबतरावांकडं ती होती. पण ओंजळभर पाणी काही गिळवेना. त्यांनी एकदा गड्यांच्या तोंडांकडं पाहिलं, मग पायांकडं. ओंजळ सोडली आणि घोड्यावरून खाली उतरले.

"जोशीबुवा, शकुन कसा झाला?"

जोशीबुवाही गावचेच हो! बारवेचंच पाणी प्यालेले. म्हणाले, "सरकार, उत्तम शकुन! फक्त दिशा बदलली. मोहीम पाताळाकडं!"

आणि गडी जे हसले! निरोप द्यायला आलेल्या बायका रडता रडता हसल्या. मग त्याच दारूनं काळ्या खडकात सुरुंग लागले. तिकडं बेलखेडात धडाम धडाम ऐकू आलं आणि यमाजीरावांनी वेशी लावून घेतल्या. आठ दिवसांनी माणूस धाडला. तो परतला, म्हणाला, "सरकार, ते जमिनीशी लढताहेत."

"कोण जिंकतंय?"

"पाणी लागलं!"

यमाजीराव मटकन खालीच बसले. त्यांनीही आपल्या बायकांची भांडी गोळा केली होती ना! त्याच दिवशी घरोघर परत धाडली. इकडं तोफ फोडून ओताऱ्यानं घागरी ओतल्या. कुणाची थोडी वाकडी झाली, पण कुणी तक्रार केली नाही.

आणि राही? ठकूबाई रोज सकाळी तिच्या नडगीवर बोट फिरवायची. पहिल्या वर्षी तिचा जीव मुठीत होता, कारण आधीचं पाणी पोटात होतंच. वैशाख गेला. ज्येष्ठ गेला. पुढचं वर्षही गेलं. एक दिवस राही म्हणाली, "आजी, पुरे आता. गुदगुल्या होतात!" तेव्हा कुठं म्हातारीनं श्वास सोडला.

आता तुमच्याकडं वळते. परवा टीव्हीवर कुठंतरी लढाई पेटली आणि आपल्या चौकात फटाके उडाले. वर्गणी तासाभरात जमली! त्याच चौकातल्या दवाखान्याला वर्षभर कुलूप आहे. गरोदर सुना जीपनं तालुक्याला जातात. तिथं एक नर्स बसवायला काय लागतं, हे कुणी विचारलं? मीही नाही विचारलं. माझ्या घराची एक खिडकी त्या कुलुपासमोर आहे, तरी नाही.

उद्या सकाळी नऊला मी त्या दारात अर्ज घेऊन बसणार आहे. हरीचं नाव तिथंही घेता येतं. काका, तिथं पायरी एकच आहे. याल ना?