उकळलेली नळी

(रोपवाटिकेची शेड. धाकटी कुंड्यांत माती भरतेय. ताई दारात.)

धाकटी: तिथूनच बोल. आत चिखल आहे, चपला भरतील तुझ्या.

ताई: दोन वर्षांनी बहीण दारात आलीय. बस तरी म्हण.

धाकटी: बहीण आली असती तर म्हटलं असतं. तुला त्या जांभळ्या फुलांच्या रोपाची पानं हवीत. प्रयोगशाळेतली तुमची सगळी रोपं वाळली, कळलंय मला.

ताई: हवीत. खोटं कशाला बोलू.

धाकटी: जपून हं, सवय नाही तुला.

ताई: टोमणे मारून झाले की ऐक. त्या पानांचा उरलेला अर्क गेल्या आठवड्यात मी स्वतः उकळला. दुसरं कुणी त्या नळीला शिवलंसुद्धा नाही. गार केला, रक्तपेशींवर घातला.

धाकटी: आणि पेशी फुटल्या.

ताई: सगळ्या. कच्च्या अर्काने फुटतात तशाच.

धाकटी: अगंबाई. म्हणजे तूही नळ्या बदलल्यास वाटतं.

ताई: त्यातलं प्रथिनच वेगळं आहे गं. एरवी प्रथिनाला दोन टोकं असतात, पाचक रस तिथून त्याला कुरतडत सुटतात. ह्याची टोकं एकमेकांना जोडलेली, बांगडीसारखी. शिवाय आत तीन गाठी. उकळा, पाचक रसात बुडवून ठेवा, ढिम्म हलत नाही. उकळलं म्हणजे निकामी झालं, असं आपण सगळेच धरून चाललो होतो.

धाकटी: आपण सगळेच? माझ्या उकळलेल्या अर्कानेही पेशी फुटल्या, तेव्हा मी घसा फोडून सांगत होते, ही नळी मी नीट उकळलीय, पुन्हा करून बघा. प्रयोगशाळेतले सर तयारही झाले होते. तेवढ्यात तू म्हणालीस, उकळलेलीच्या जागी कच्च्या अर्काची नळी ठेवून धाकटीला नळ्या बदलताना मी पाहिलं.

ताई: मला वाटलं की...

धाकटी: वाटलं का पाहिलंस?

ताई: त्या वेळी दुसरं काही असूच शकत नव्हतं.

धाकटी: मी काय विचारलं?

ताई: नाही पाहिलं.

धाकटी: मग का बोललीस?

ताई: सर ऊठसूट तुलाच पुढे करायचे. मी थोरली, तुझ्याआधी लागलेली. डोळ्यांत खुपायचीस तू माझ्या.

धाकटी: मला काढून टाकलं, ते गेलं खड्ड्यात. पण आई अजून माझ्याशी बोलत नाही. पोटची पोर लबाड निघाली म्हणते.

ताई: उद्या सरांना सगळं सांगते. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं घालू.

धाकटी: ते नाव घाल चुलीत. आईला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर.

ताई: तिला काय कळणार प्रथिनातलं.

धाकटी: प्रथिनातलं सांगूच नकोस. धाकटीने नळ्या बदलल्या नव्हत्या, एवढंच सांग. मग पानं काय, अख्खी कुंडी ने.

ताई: लावते. ... आई, मी. हो, जेवले. धाकटीकडे आलेय. अगं, ऐक तर. तिने त्या नळ्या बदलल्या नव्हत्या. हो. अगदी नक्की.

धाकटी: काय म्हणतेय?

ताई: विचारतेय, मग तू काय पाहिलं होतंस.

धाकटी: फोन माझ्याकडे कशाला करतेस. तुला विचारलंय.