वास गेला, तेव्हा अक्का घाबरल्या

श्रीनिवासराव, अक्कांच्या घरची बाकी मंडळी, आणि प्रयोगशाळेतल्या मित्रांनो,

तुम्ही मला बोलायला उभं केलंत. लिहून आणलं होतं, त्यातलं एक अक्षर दिसत नाही. घरच्या मराठीतच बोलतो. तमिळ मित्रांनो, सांभाळून घ्या.

पद्माक्का गेल्या. जेवता जेवता हृदय थांबलं. मला अजून खरं वाटत नाही.

आमचं काम तुम्हांला ठाऊक आहे. करवंटीचा कोळसा. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. त्यांत कुठला वायू किती चिकटतो ते मोजायचं, त्यावरून मॉडेल बांधायचं. वायू एकटा असला तर गणित सोपं. तीन-चार मिसळले की जागेसाठी ढकलाढकली. अक्का म्हणायच्या, "गोपाळ, एकेकट्याच्या आकड्यांवर मिश्रणाचा भरवसा धरू नकोस रे. मला भीती वाटते."

मला भीती वाटते. किती वेळा म्हणायच्या! आम्ही हसायचो. हसायचो ना?

तिरुवैयारूच्या पुढे एका गावात गोबरगॅसचा खड्डा आहे. तिथला गॅस अक्का आणि मी आमच्या कोळशातून गाळून पाहत होतो. खड्डा तुंबला. तो सांभाळणाऱ्या मुरुगेसननं झाकण काढलं. आत उतरून नळी मोकळी करायची होती. मी तोंडाला मास्क बांधला. मास्कमध्ये आमचाच कोळसा. मॉडेल म्हणत होतं, पुष्कळ वेळ टिकेल.

मुरुगेसन काठावर वाकला. म्हणाला, "मघाशी कुजक्या अंड्याचा वास होता, अम्मा. आता गेला."

मला हायसं वाटलं. अक्कांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"वेण्डाम्! उतरू नका!" त्या किंचाळल्या. आम्हां दोघांना सदऱ्याला धरून मागे ओढलं. "वास गेला नाही, तुमचं नाक मेलंय! विष वाढलं की वास कळत नाही!"

मी म्हणालो, "अक्का, मास्क आहे ना."

"आत ओल आहे, दुसरे वायू आहेत. कोळशाच्या जागा तेच अडवतील. आणि कोळसा विष धरेल, गोपाळ. श्वासाला हवा कुठून आणेल?"

जमलेले गावकरी वैतागले. एवढ्या शिकलेल्या बाई, आणि इतक्या घाबरट! अक्कांनी गॅस मोजायचं यंत्र दोरीनं खाली सोडलं. अर्ध्यावर पोचायच्या आत ते ठणाणा करू लागलं. अक्का तिथेच चिखलात बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या.

मुरुगेसन आज मागे बसलाय. शेजारी त्याची बायको आहे.

आज सकाळी दुसऱ्या एका गावातून फोन आला. उद्या तिथला खड्डा उघडायचाय. "जरासं उतरायचं, सार, लगेच वर." मी नको म्हणालो. ते म्हणाले, "मग अम्मा नाहीत तर तुम्ही येऊन सांगा."

उद्या जायचंय. मलाही भीती वाटते. माझं कोण ऐकेल? चार माणसं हसली, तर मी गप्प बसेन का? कोणी झटकन उतरलंच तर?

मुरुगेसन, तू येशील माझ्याबरोबर? ...मान हलवतोय. बरं.

आता सगळे उभे राहू या. काही वेळ कोणी बोलू नका. आपला श्वास येतोय, जातोय, तेवढा ऐका.

अक्का, तुम्हांला नमस्कार.