देवाच्या ताशाची गिटार

माजं नाव सदाशिव, गावात सदा, आनि ज्यांचं माज्याशी पटत नाय ते म्हनतात डबेवाला, कारन माज्या पडवीत बगाल तिकडं डबे नि खोकी, रंगाचे डबे, बिस्किटाचे डबे, आंब्याच्या पेट्या, भजनातल्या मोडक्या बाजाच्या पेटीचं खोकं. जन्म हितलाच. बापूस दुसऱ्याच्या बागेत आंबे काढायचा, मी शाळा सुटल्यावर मिरजोळ्याच्या एमायडीशीत लेथवर लागलो तो लागलोच. हात चांगला नि तोंड वायट, असं माजी आयेच म्हनते, आनि ती खोटं बोलत नाय.

खूळ कुठनं आलं म्हनून इचारता, तर मांडवीचा माजा मामा बोटीवर खलाशी व्हता, त्येनं परदेशातनं एक गिटार आनली, तिच्या पोटावर चकचकीत गोल झाकान. आमी हसलो, म्हटलं मामा, ह्याच्यात भात शिजवायचा काय? मामानं एक तार छेडली आनि काय सांगू तुमाला, आमचं हसू थितंच र्‍हायलं. मामा गेला, गिटार माज्याकडं आली, दमट हवेनं तिची मान सुटली, तवा मी झाकान उघडून बगितलं. आत पत्र्याची पातळ वाटी, उपडी घातलेली. तारा लाकडाच्या छोट्या घोडीवर, घोडी वाटीवर, तार हलली की वाटी थरथरते आनि आवाज असा फेकते की लाईट नको नि स्पीकर नको. मी लेथवाला मानूस, म्हटलं वाटीच ना, ही मला जमते.

मंग सुरू झालं. टोपाची झाकनं, कुकरची झाकनं, जुन्या घराच्या फनसाच्या वाशाची मान. पहिल्या दोन-तीन वाट्या तार ताणली की मधीच चेपल्या, बायको म्हनाली संसाराची झाकनं संपली, आता माजं टाळकं घे. पन जमलं. नि मंग मिरजोळ्याच्या भंगारात मला एक तांब्याचं भांडं गावलं, काळं पडलेलं, बुडाजवळ मोठा पोचा. मी बूड कापून घेतलं, पोच्याची कड तशीच ठेवली, बाकी लेथवर घासून घासून पातळ केलं, बाजाच्या खोक्यात बसवलं. तार लावली, छेडली, आनि परत छेडली. तसा आवाज माज्या हातून आदी कदी झाला नव्हता नि पुढं व्हनार नाय, हे मला त्याच घटकेला कळलं.

गनपतीत भजनाला ती गिटार काढली. आमच्या गावचे बाळूअण्णा, देवळात सगळं आयुष्य ताशा वाजवला, आता डोळ्याला दिसत नाय, ते कोपऱ्यात बसलेले. मी वाजवली नि अण्णा उठून उभे. म्हनाले थांबव, हा आमचा ताशा हाय. लोक हसले. अण्णा चाचपडत पुढं आले, झाकनाच्या भोकातनं बोट घातलं, काठावरनं फिरवलं आनि पोचा गावला. म्हनाले पालखी नाचवताना माज्याच हातनं पडला व्हता. मंग कोन हसलं नाय.

देवळाचा जीर्णोद्धार झाला तवा जुनं सामान कमिटीनंच भंगारात दिलं व्हतं. विकताना देवाला कोनी इचारलं नाय, आनि मी घेतल्यावर मातर देव आठवला! ज्येनं विकलं त्यो कमिटीचा अध्यक्ष, त्योच सगळ्यात मोठ्यानं बोंबलत व्हता. म्हनाला देवाची वस्तू कापली, परत दे, नायतर शिमग्यात पालखी तुज्या दारात येनार नाय. आता मी एक वेळ ऐकलं नसतं. पन आये. पालखी अंगनात आली की ती ओटी भरते, देवाला घरातलं सगळं सांगते, वर्षभर त्या एका दिवसावर जगते ती बाई. आनि गिटार सोडायची म्हनजे माजा जीव काढून द्यायचा. मला झोप लागंना, जेवन जाईना. शेवटी गुरव म्हनाला भांडू नका, कौल लावू, देव सांगंल ते.

सकाळी सगळा गाव देवळात. गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या नि गाऱ्हानं घातलं, बा महाराजा, सदाकडं र्‍हाऊ दे असंल तर उजवी दे, तुजं तुला परत पायजे तर डावी दे, आनि सगळे म्हनाले व्हय महाराजा. मी गिटार मांडीवर घेऊन समोर बसलेलो. पाकळी पडंना. पाकळ्या सुकाय लागल्या, अध्यक्ष मान ताणून बगतोय. आनि मागनं आयेचा आवाज आला, अरे देवानं ऐकलीच नाय तर त्यो सांगंल काय? वाजव सदा.

गुरवानं मान हलवली. मी लोखंडी नळीचा तुकडा बोटात घातला, तारेवरनं सरकवत आनला, जाडी तार छेडली, देऊळ भरलं, पायाखालची लादी घुमली, आनि पाकळी पडली. डावी.

आता तुमीच सांगा, देवानं दिली का माज्या तारेनं पाडली? सगळ्यांच्या तोंडावर तेच व्हतं. मला बोलायचं व्हतं, हा कौल नव्हं, हा धक्का हाय, परत लावा. गुरव माज्याकडं बगत थांबला, मी बोललो असतो तर त्येनं लावला असता, ते मला दिसत व्हतं. मी मागं बगितलं. आये हात जोडून डोळे मिटून बसलेली, तिच्या गालावरनं पानी. तिनं माजी गिटार पहिल्यांदाच नीट ऐकली व्हती. मी तोंड मिटलं. तारा सोडल्या, वाटी काढली, गुरवाच्या हातात दिली. लय वायट वाटलं, खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी रडलो.

आता ती वाटी देवळात खुंटीला टांगलीय, नव्या ताशाच्या शेजारी. मी अजून करतो गिटारी, कुकरच्या झाकनाच्या, बऱ्या वाजतात, लोक घेऊन जातात. पालखी येते, आये ओटी भरते, चालता येत नाय तरी उभी र्‍हाते. देव तिला सांभाळो नि त्या अध्यक्षालाबी, काय करनार. पन आरतीला नवा ताशा सुरू झाला की खुंटीवरची माजी वाटी आपली आपन घुमाय लागते, कोनी हात न लावता. परवा गुरव घंटा वाजवता वाजवता थांबला, माज्याकडं वळला नि हळूच म्हनाला, सदा, ऐक, तुजं वाजतंय.