दाजीला पोच कशी मागायची

आमचं गाव परतूरच्या अलीकडं, टेसनापासून दोन कोस, आठ एकर कोरडवाहू, कापूस अन् ज्वारी, अन् आम्ही दोघंच भावंडं, मी थोरला अन् माझ्या पाठची सुमन. एक्याऐंशीला मी सातवीतून शाळा सोडली, मास्तर घरी आल्ते बोलवायला, पण मला पुस्तकापेक्षा लोखंडाचं वेड, हसू नका, खरं सांगून राह्यलो, कुठं इंजन उघडलेलं दिसलं की मी तिथंच उकिडवा बसलेला. मंग जालन्याला आलो, लोखंडाच्या कारखान्यात साखळ्या वाहिल्या, वर क्रेनवर एक सरदारजी बसायचे, त्यांनी हाताला धरून शिकवलं, अन् मी असा तयार झालो, असा तयार झालो की दोन टनाचा माल खाली टेकला तरी आवाज यायचा न्हाई. त्यांच्याच ओळखीनं मस्कत गाठलं.

सुमनचं लग्न मस्कतच्या कमाईवरच केलं. पोरगं घनसावंगीकडचं, बारावी झालेलं, जालन्यातल्या मस्तगडात एका दुकानावर लिहायला व्हतं, अक्षर बिलकुल छापल्यासारखं. लग्नाला साल झालं न्हाई तं सुमनचं सुरू, दादा, ह्यांना बी तिकडं न्या. एकुलती एक बहीण, न्हाई कसं म्हणणार? साहेबाच्या हातापाया पडलो, दाजीला आमच्याच कंपनीत माल बांधायच्या कामावर घेतलं. शुक्रवारी सुट्टी राहायची, तं सुट्टीच्या दिवशी त्याला वर नेऊन क्रेन शिकवली, म्या, ह्या हातानं. वर्षभरात त्याला लायसन बी काढून दिलं.

आता मुद्द्याचं सांगतो. मस्कतला जाऊन सहा-सात वर्षं झाल्ती, बायको गावाकडं, मी तिकडं, दोन वर्षाला दोन महिने सुट्टी. घरी आलो की पोरगी दाराआड लपायची, आईला विचारायची, हे कधी जाणार? अन् तेव्हाच बंदरावर एक दुसरी कंपनी, मोठी क्रेन, तिथल्या साहेबानं माझं काम पाह्यलेलं, तो म्हणला, पगार वाढवून देतो, खोली देतो, बायको-लेकरांना आणायचा व्हिसा देतो, पण चाळीस दिवसांत हजर पाहिजे, जागा एकच हाय. मी त्याच शुक्रवारी घरी फोन लावला. बायको म्हणली, पोरीचं नाव शाळेतून काढू का? म्हणलं, थांब जरा, जल्दी करू नको, पण काढायचंच हाय.

तिकडं नोकरी सोडायची तं रीत अशी, की एक महिना आधी लेखी द्यायचं. ज्या दिवशी हापिसात कागद पोचला त्या दिवसापासून तीस दिवस मोजायचे, मंग कंपनी सोडल्याचा कागद देणार, तो असल्याशिवाय नवी कंपनी दारात उभं करत न्हाई. अन् दुसरं, पगाराचं खातं. राजीनामा दिला की ब्यांक खातं अडकवून ठेवती, नव्या कंपनीचा कागद येईस्तोवर एक पैसा निघत न्हाई. मला तं बायको-पोरीच्या तिकिटाला, व्हिसाच्या खर्च्याला तिथंच पैसा लागणार व्हता, घरी धाडून काय उपयोग? दाजी म्हणले, माझ्या खात्यात टाका, मी कुठं जाऊन राह्यलो. टाकले. सगळे टाकले.

राजीनामा बी दाजीनंच लिहिला, इंग्रजीत, मी खाली सही केली. आमची साईट डोंगरात, हापिस शहरात, दाजी दर गुरुवारी हापिसच्या गाडीनं कागदं घेऊन जायचे, म्हणले, मी देतो. खोलीत एक केरळचा माणूस राहायचा, जॉन म्हणू आपण त्याला, तो मला म्हणला, भाई, एक नक्कल घे अन् त्याच्यावर हापिसचा शिक्का मारून आण, पोच पाहिजे, पोच नसली तं तू दिलाच न्हाई. बराबर सांगत व्हता. पण मला तुम्ही सांगा, बहिणीच्या नवऱ्याला पोच कशी मागायची? ज्या माणसाचे पाय आमच्या अंगणात आम्ही धुतले, ज्याच्या म्होरं माझा बाप बाजेवरून उठून उभा राहायचा, त्याला म्हणायचं का, दाजी, दाखवा शिक्का? आमच्यात असं कोणी मागत न्हाई. दाजी आले, म्हणले, दिला बरं का. मी म्हणलं, बरं.

तीस दिवस मी नखानं भिंतीवर रेघा ओढल्या. पोरीसाठी एक लाल सँडल घेतलं, अंदाजानं, माप कुठं माहीत व्हतं. एकतिसाव्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हापिसात गेलो, बाबूला म्हणलं, माझा कागद द्या. तो म्हणला, कसला कागद? म्हणलं, नोकरी सोडल्याचा. त्यानं फायली पाह्यल्या, दोनदा पाह्यल्या, म्हणला, तुझा राजीनामा आलाच न्हाई. तुझ्या मेव्हण्याचा आल्ता, तो कालच मोकळा झाला.

तसाच बंदरावर गेलो. दाजी त्या मोठ्या क्रेनवर. खाली उतरले, मला पाहून हसले बी न्हाईत, घाबरले बी न्हाईत, म्हणले, तुम्हाला तं कुठं बी मिळंल, तुमचा हात हाय, मला कोण घेणार व्हतं? मी तिथल्या साहेबाला भेटलो, तो म्हणला, तुझ्या मेव्हण्यानंच सांगितलं, तू यायला तयार न्हाईस. झालं. आता मारामारी करावी तं बहिणीचा संसार. गावाकडं सांगावं तं बाप त्याच दिवशी सुमनला माघारी आणल. गप बसलो. बायकोला म्हणलं, जमलं न्हाई. ती म्हणली, मंग पोरीचं नाव शाळेत राहू देते.

चार महिन्यांत सुमन मस्कतला आली, माझ्या बायकोला मिळणार व्हता त्या व्हिसावर, मला मिळणार व्हती त्या खोलीत. मी शुक्रवारी जायचो, ती भाकरी करायची, तिचं लेकरू माझ्या मांडीवर खेळायचं. पैसे मागितले न्हाईत, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून. मनात म्हणायचो, हिचा काय दोष, हिला काय माहीत. दाजीला मात्र मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, इतक्या दिल्या, की दोन वर्षांखाली इथं जालन्यात दाजी गेले, तेव्हा सगळे रडत व्हते अन् माझ्या डोळ्याला पाणी न्हाई. खांदा दिला, बस.

त्याच साली भाऊबीजेला सुमनकडं गेल्तो. तिनं ओवाळलं, ताट खाली ठेवलं अन् म्हणली, दादा, तुम्ही त्यांच्यावर राग धरून राह्यलात, मला दिसतं. त्यांना कशाला दोष देता? त्यांनी त्या गुरुवारी मला फोन केल्ता, तिकडच्या फोनच्या दुकानातून. तुमचा कागद खिशात व्हता. म्हणत व्हते, द्यावा का न्हाई, हात कापून राह्यले. मीच म्हणले, देऊ नका, तुमचा द्या. दादाचं पुढं बी होईल, दादा सोसून घेतील. मला बी नवऱ्याजवळ राहायचं व्हतं ना.

दादा सोसून घेतील. किती बराबर ओळखलं मला! ज्या माणसाला दहा वर्षं शिव्या दिल्या त्याचे तं हात कापत व्हते, अन् जिच्यासाठी गप बसलो तिचा आवाज बी कापला न्हाई. तिला म्हणलं, तुला माझी पोर आठवली न्हाई का गं? मी ओवाळणी ताटात टाकली अन् उठलो.

आता कंपनीनं घरी धाडलं त्याला बी बरीच वर्षं झाली, इथल्या कारखान्यात ठेकेदाराकडं क्रेन चालवतो, बायको डबा देती, पोरीचं लग्न झालं. लग्नात तिनं सगळ्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं, माझ्यापाशी आली अन् नुसती पाया पडली. सुमनचं सगळं चांगलं होवो, तिची लेकरं सुखी राहोत, हे मी खऱ्या मनानं म्हणतो. पण तिच्या घरी जाणं आता माझ्यानं होत न्हाई.