टाविटाच्या वडिलांची निवडणूक

मघापासून निवडणुकीवरून भांडताय, म्हणून टाविटाचं सांगतो. अमेरिकेत सनीव्हेलच्या एका हॉटेलात आम्ही दोघं भांडी घासायचो. तो तुवालूचा, पॅसिफिकमधल्या इवल्याशा देशाचा. त्याचे वडील त्यांच्या लहानशा बेटावरून पार्लमेंटला उभे होते. राजधानीतून चुलत भावाचा फोन आला, वडील एका मताने पडले.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "तू तिथे असतास तर पडले नसते, यार."

तो ताट पुसत राहिला. मग म्हणाला, "मी तिथे असतो तर ते उभेच राहिले नसते. निवडून आलं की राजधानीत राहायला मिळतं. तिथे फोन आहे, आमच्या बेटावर नाही. मी इकडे आल्यापासून त्यांनी माझा आवाज ऐकलेला नाही."