मोडीत काढलेला माग

पाहणीचं नंतर. आधी हे लिहून घ्या — ‘जुना माग मोडीत काढला आहे’ या वाक्यापुढची बरोबरची खूण माझ्या हातची आहे. मैनुद्दीनच्या नव्हे. नव्या मागासाठीचा अर्ज त्याचा, अक्षर माझं. तो माझा जुना विद्यार्थी. सातवी ‘ब’, तिसरा बाक. आणि तुम्ही अनिलकुमार — ओळखपत्रावर वाचलं, तुम्ही होऊन सांगितलं नाहीत — डिजिटल माग योजनेचे जिल्हा समन्वयक. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो. आणि तो टॅब जरा खाली ठेवा. मला बोलताना समोर डोळे लागतात.

योजना वाईट आहे असं मी म्हटलं का? मुळीच नाही. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना एकेक भोक पाडायचं, ते दोऱ्याने जोडायचे, मागाच्या माथ्यावर चढवायचे — तेव्हा कुठे चादरीवर एक मोर उमटायचा. तेच काम संगणकावर करून पेन ड्राइव्हने मागाला सांगता येत असेल तर उत्तमच. पण प्रशिक्षण एका कार्यालयाकडे, माग दुसऱ्याकडे, वीज तिसऱ्याकडे — आणि तिघांची गाठ घालून द्यायला तुम्ही! प्रशिक्षणवाले सर्वांत चपळ. मैनुद्दीनच्या मुलीला, समराला, तीन महिने शिकवलं, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. पोरीने अठरा नक्ष्या काढल्या, देखण्या! — त्या पेन ड्राइव्हमध्ये पडून आहेत. का? नवा माग आला नाही. का आला नाही? वाढीव वीजजोडणीचा दाखला नाही. दाखला का नाही? तर वीजवाले म्हणतात, आधी माग दाखवा, जोडणी काय भिंतीला देऊ? बरोबर आहे त्यांचं. मागवाल्यांचंही बरोबर. चौतीस वर्षं शिकवलं मी, पण सगळ्यांची उत्तरं बरोबर आणि अख्खा वर्ग नापास, असं कधी पाहिलं नाही. बैठका झाल्या, ठाऊक आहे. चार. चौथ्या बैठकीत पहिल्या तिन्हींचा आढावा घ्यायला उपसमिती नेमलीत. हसताय? हसा, तुमचीच आहे ती.

आणि आज आलात ते जुन्या मागाची पाहणी करायला! मोडीत काढल्याचा पुरावा, फोटो, अक्षांश-रेखांशासकट — नसलेल्या वस्तूचा फोटो, शाबास. त्याच्या शेडमध्ये फरशीला बोल्टची चार भोकं उरली आहेत, त्यांचा काढा. काय म्हणालात? याच गल्लीतल्या बाकीच्या अर्जदारांच्या शेडमधून खटखट कशी ऐकू येते? — अहो, त्यांनीही हीच खूण केली आणि माग चालू ठेवले, पोटं आहेत त्यांना — पेन का उचललंत? ठेवा. मी आवाजाबद्दल बोलले, नाव कोणाचंही घेतलेलं नाही.

मैनुद्दीनही तेच म्हणाला होता, इथेच उभा राहून — “करा की बाई खूण. सगळेच करायलेत. नवा आला की जुना काढू.” मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मैनुद्दीन, खोट्या वाक्यापुढे माझी खूण होणार नाही. तो गेला. तिसऱ्या दिवशी आला, कोपरापर्यंत ग्रीस — “काढला बाई. आता करा.” वडिलांचा माग भंगाराच्या टेम्पोत घालून तो थेट माझ्याकडे आला होता. मी खूण केली. सुबक केली. आणि मला — हे लिहू नका — मला आनंद झाला. वाटलं, अजून आपला शब्द मोडत नाहीत मुलं.

त्याला आठ महिने झाले. चादर विणणारा माणूस रोज मोहोळला जातो आणि हायवेवर मेहुण्याच्या दुकानात टायरांत हवा भरतो. माजिदा, त्याची बायको, पूर्वी रस्त्यात भेटली की थांबायची. हल्ली सलाम करते आणि पुढे जाते. — नाही, मला नको पाणी. तुम्ही घ्या.

तुमची पुढची बैठक केव्हा? पुढच्या महिन्यात? असू दे. आमची काल झाली, सिद्धलिंगप्पांच्या चादरीच्या कारखान्यात, उभ्या-उभ्या. चहासुद्धा नव्हता. ठरलं ते असं — त्यांचा एक जुना, पत्त्यांवरचा माग कामगाराअभावी बंद आहे, तो सोमवारपासून मैनुद्दीन चालवणार. समराच्या संगणकातल्या नक्ष्या पुन्हा पुठ्ठ्यावर उतरवायच्या. भोकं समरा पाडेल, पत्ते माजिदा ओवेल. होय, उलटा प्रवास आहे, दिसतंय मला. पण निदान चादर निघेल. सिद्धलिंगप्पा म्हणाले, “चालतंय की, बाई.” माजिदाने मान डोलावली. मग मैनुद्दीन म्हणाला, “येतो मी. पण हितून पुढं माझा कुठलाबी कागद बाई भरणार न्हाईत.” सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी मान्य केलं.

या आता. दार ओढून घ्या.