सगळ्या गाड्या सारख्याच बऱ्या

...एकदा नाही म्हटलं ना, मग नाही. बघायची तेवढी बघा, ताडपत्री मीच काढून दिली तुम्हाला. चालू करून बघतो म्हणता, तर तेही बघा, बॅटरी तुमची आहे — पण शर्यतीला गाडी द्यायची नाही. तुमच्या क्लबाला आत्ता कुठे सुचलं होय, की ज्याने त्याने आपापली गाडी बांधून आणावी आणि पळवावी? अहो, आताच्या शर्यतीत वाईट काय आहे? एका कारखान्यातल्या, एका छापाच्या गाड्या, इंजिनाला शिशाचं सील, आत कुणी हात घालायला नको. चिठ्ठी उचलायची, येईल ती गाडी घ्यायची, ज्याच्या हातात दम तो पुढे. हा खरा न्याय. कुणी कुणावर जळायला नको — हसलात का? मी आपलं बोलायची रीत म्हणून म्हटलं.

पूर्वी डोक्यांची शर्यत होती म्हणता. होती ना. तुम्ही ऐकलीय, मी बघितलीय. आमचे हे गाडी बांधायचे आणि माझे धाकटे दीर चालवायचे. ह्याच शेडमध्ये. कुठे पत्रा जड वाटला की भोकं पाड, कुठे हलका मिळाला की बसव — ते बघा, पंख्यामागे, माझ्या मोठ्या पातेल्याचं झाकण आहे ते. अजून मूठ आहे त्याला. मी आठ दिवस घरभर शोधत होते आणि ते शर्यत जिंकून आलं. आणि मी काय करायचे? मी तेलकट कपडे धुवायचे. कुणीतरी धुवायलाच हवेत की नाही?

धाकटी? म्हणजे माझी जाऊ, दिरांची बायको. तिला ऐकायचं काम. हो, ऐकायचं. ती लोखंडी दांडी दिसतेय का, खिडकीला टेकू दिलाय ती — तिचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. मूठ ह्यांनी कोरली, तिच्या कानाच्या मापाने. माप कसं घेतलं ते मी विचारलं नाही. साबणाच्या वडीवर कान दाबून घेतला म्हणे. मी विचारलं नव्हतं, तीच आपणहून सांगत आली. तर बाई डोळे मिटून ऐकणार आणि म्हणणार, "भाऊजी, तिसरा खोकतोय." की हे — भाजीत मीठ कमी आहे का, हे तीनदा विचारलं तरी ज्यांच्या कानावर जायचं नाही ते हे — लगेच पाना घेऊन वाकले. आणि तिसराच सिलिंडर निघायचा. दर वेळी. माणसाने एकदा तरी चुकावं की नाही?

वाईट काही नव्हतं हो, तसलं काही मनात आणू नका. तेच तर. वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं. पण आमची गाडी पहिली आली की हे आधी तिच्याकडे बघायचे. एवढंच. मग माझ्याकडे. बघायचे माझ्याकडेही, बघायचे नाहीत असं नाही.

मग सीलाच्या गाड्या आल्या आणि घर शांत झालं. ऐकायचं काय आता, सगळ्यांची घरघर सारखीच. ती वर आपल्या खोलीत, आणि हे माझ्यासमोर ताटावर, वेळेवर. दीर? नाही, दीर त्यानंतर एकदाही जिंकले नाहीत. हातातला दम — असो. तर हे घरात असायचे. बोलायचे नाहीत फारसे. नखांतलं काळं गेलं हो त्यांच्या. इतकी वर्षं मी चोळचोळून थकले, आणि ते आपोआप गेलं तर मला ते हात ओळखूच येईनात. पण घरात होते. ते महत्त्वाचं.

हे गेल्यावर — तिला सांगू नका — मी एकदा कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून गाडी चालू करून घेतली आणि दांडी लावून बघितली. म्हटलं, बघू तरी एवढं काय ऐकायचे दोघं. मूठ बसेचना कानात. पहिला कुठला आणि तिसरा कुठला, सगळी एकच गिरणी. आणि मधे माझंच धडधडत होतं. म्हणून ती खिडकीला लावली. निदान उपयोगी पडते.

झाली का चालू? झाली. अगबाई... थरथरतेय कशी. ते झाकण बघा कसं वाजतंय — थांबा. वर धाकटी काठी आपटतेय. लक्ष देऊ नका. म्हातारीला हाक ऐकू येत नाही आता, जेवायला ये म्हणून मला जिना चढावा लागतो — ऐका. एक, दोन, तीन. पुन्हा. तीनच. मधे दोन दारं बंद आहेत, आणि तरी...

तुम्ही ती दांडी घेऊन कुठे निघालात? वर जायचं काही कारण नाही. तिला खाली आणायचं नाही ह्या शेडमध्ये, मी सांगून ठेवते. हे बघा, न्या. न्या ती गाडी तुमच्या शर्यतीला, झाकणासकट न्या, माझं काही म्हणणं नाही. पण आधी ती बंद करा आणि दांडी होती तिथे ठेवा. ठेवा म्हटलं ना. खिडकी पडते.